दरोड्याची शिक्षा, अपिलाची फाइल

सूर्य मावळला की महामार्गावरच्या लुटीची कमाल शिक्षा चार वर्षांनी वाढते. भारतीय दंड संहितेच्या कलम 392 मध्ये जबरी चोरीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती. तीच जबरी चोरी सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महामार्गावर घडली, तर 14 वर्षांपर्यंत. ही तरतूद 1860 सालची, म्हणजे बैलगाड्यांच्या आणि पायी प्रवासाच्या काळातली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 309 मध्येही ती जशीच्या तशी आहे. रस्ते सहापदरी झाले, टोलनाके आले, तरी रात्री दोन वाजता घाटात गाडी अडवली गेलेला माणूस आजही एकटाच असतो.

पण ज्या अंधारामुळे शिक्षा वाढते, त्याच अंधारामुळे पुरावाही कच्चा राहतो. लुटणारे अनोळखी, पाहणारा भेदरलेला आणि सगळा प्रसंग दोन-चार मिनिटांचा. म्हणून वाटमारी, जबरी चोरी आणि दरोडा या गुन्ह्यांत वरच्या कोर्टाने पुरावा नव्याने वाचणे फार मोलाचे ठरते.

अपिलाचा हा रस्ता सगळ्यांना आणि कायम खुला होता असे नाही. ठगांच्या बंदोबस्तासाठी कंपनी सरकारने 1836 साली केलेल्या कायद्यानुसार, एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप होत असे. कोणत्या रस्त्यावर कोणाला लुटले, हे दाखवण्याची गरज नव्हती. पुरावा बहुतेक माफीच्या साक्षीदारांचा, म्हणजे स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्यांची नावे सांगणाऱ्यांचा. तिकडे इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात घोड्यावरून वाटसरूंना लुटणाऱ्यांना सर्रास फाशी होई, आणि निकालाविरुद्ध दाद मागायला अपिलाचे कोर्टच नव्हते. ते स्थापन झाले 1907 च्या कायद्याने. त्याआधी अॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला अनेक महिलांनी कोर्टात फसवणूक करणारा म्हणून ओळखले होते. 1896 आणि 1904 अशा दोन वेळा तो दोषी ठरला, आणि दोन्ही वेळा ओळख चुकलेली होती. खरा गुन्हेगार सापडला तेव्हा देशभर संताप उसळला आणि संसदेला अपिलाचे कोर्ट उभे करावे लागले. चुकलेल्या ओळखीतून ते कोर्ट जन्माला आले, हे या विषयात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्याकडची वाट.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यात सगळाच ‘दरोडा’ असतो. कायद्यात तसे नाही, आणि अपिलातला निम्मा युक्तिवाद याच फरकावर उभा राहतो. चालत्या ट्रकच्या मागे चढून ताडपत्रीची दोरी कापली आणि चार खोकी खाली टाकली, तर ती चोरी. चालकाला अडवून, मारून किंवा तत्काळ इजेची धास्ती दाखवून तोच माल नेला, तर जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली, तर दरोडा. चोरीला जुन्या संहितेत 3 वर्षांपर्यंत कैद होती. दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होते. त्यामुळे मारहाण माल नेण्यासाठी झाली की नंतर रस्त्यावरच्या बाचाबाचीतून झाली, हा प्रश्न अपिलात किरकोळ राहत नाही. त्याच्या उत्तरावर एखाद्याची कितीतरी वर्षे अवलंबून असतात.

आकड्याचेही तसेच. फिर्यादीत ‘सात-आठ इसम’ असतात, पकडले जातात पाच, त्यातले दोन निर्दोष सुटतात आणि तिघांना दरोड्याची शिक्षा होते. हे चालेल का? सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलेला नियम असा: प्रत्यक्ष गुन्ह्यात पाच किंवा अधिक माणसे होती, उरलेली फरार आहेत किंवा ओळखली गेली नाहीत, असा निष्कर्ष पुराव्यावरून निघत असेल, तर तिघांनाही दरोड्यासाठी दोषी धरता येते. पण आरोप ठराविक पाच जणांवरच असेल आणि त्यातले दोघे त्यात नव्हतेच असे ठरले, तर दरोडा टिकत नाही.

मग हत्यार. लुटीच्या वेळी प्राणघातक हत्यार वापरले, तर कलम 397 नुसार (नव्या संहितेत 311) किमान 7 वर्षे. न्यायाधीशाला कितीही वाटले तरी त्याखाली जाता येत नाही. 1975 मध्ये दिल्लीतल्या एका पेट्रोल पंपावरील लुटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. समोरच्याला दिसेल असा चाकू हातात धरणे हासुद्धा ‘वापर’च, आणि ही किमान शिक्षा हत्यार वापरणाऱ्यालाच लागू, सोबत्यांना नाही. एवढा स्पष्ट निकाल असूनही खालची कोर्टे सगळ्या टोळीला सरसकट 397 लावत राहिली. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. तमिळनाडूतल्या एका प्रकरणात हत्यार न वापरलेल्या आरोपींची 397 खालची शिक्षा रद्द झाली. दरोड्याची मात्र कायम राहिली, कारण काही साथीदार फरार असले तरी गुन्ह्यात किमान पाच जण होते हे सिद्ध झाले होते. अपील मान्य होते किंवा फेटाळले जाते, एवढ्या दोनच शक्यता नसतात. बऱ्याचदा अपिलात शिक्षेचा एक तुकडा गळून पडतो आणि त्या तुकड्यात दोन-तीन वर्षे असतात.

अपील कुठे करायचे, हे शिक्षा कोणत्या कोर्टाने दिली त्यावर ठरते. इथे एक विसंगती आहे आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. कलम 392 चा खटला, रात्रीच्या महामार्गाचा असला तरी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालू शकतो, आणि त्यांना 3 वर्षांहून अधिक कैद देण्याचा अधिकारच नाही. म्हणजे कागदावरची 14 वर्षे अनेक खटल्यांत कागदावरच राहतात. अशा शिक्षेविरुद्ध अपील सत्र न्यायालयात, 30 दिवसांत. दरोडा किंवा हत्यारासह लूट असेल, तर खटलाच सत्र न्यायालयात चालतो आणि अपील उच्च न्यायालयात, 60 दिवसांत. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ या मुदतीतून वगळला जातो, आणि सबळ कारण असेल तर उशीर माफही होतो.

सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या घरच्यांना अपिलासाठी वर्षानुवर्षे मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. ज्याचा मुलगा कळंबा जेलमध्ये आहे, त्या बापाची रात्रभराची एसटी वाचली.

अपिलात कोर्टापुढे माणसे येत नाहीत, कागद येतात. सत्र न्यायालयातून सगळे रेकॉर्ड मागवले जाते: फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांचा सरतपास आणि उलटतपास, मुद्देमालाच्या पावत्या, ओळख परेडची टिपणे. पहिल्या अपिलात न्यायाधीशांनी हा पुरावा स्वतः मुळापासून तपासायचा असतो. खालच्या कोर्टाचे बरोबर वाटते, एवढे म्हणून भागत नाही. वकील गैरहजर आहे म्हणून अपील फेटाळताही येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ठरवून दिले आहे. पहिल्या अपिलाचे महत्त्व यासाठी की पुढे इतका मोकळा रस्ता नाही. सत्र न्यायालयाने अपील फेटाळले, तर उच्च न्यायालयात फक्त पुनरीक्षण अर्ज करता येतो आणि तिथे साक्षी पुन्हा तोलल्या जात नाहीत.

या कागदांत अनुभवी फौजदारी वकील सगळ्यात आधी उजेड शोधतात. साक्षीदाराने चेहरा कशाच्या प्रकाशात पाहिला? ‘हेडलाइटच्या उजेडात’ हे उत्तर शेकडो जबाबांत असते. पण हेडलाइटचा झोत पुढे पडतो आणि चालक त्याच्या मागे बसलेला असतो. केबिनचे दार ओढून आत शिरलेला माणूस त्या झोतात नसतो. उलट त्याच्याच हातातली बॅटरी चालकाच्या डोळ्यांवर रोखलेली असते. केबिनमधला दिवा चालू होता का, जवळ ढाबा होता का, चांदणे होते का, याचा पंचनाम्यात उल्लेख नसेल तर ओळखीचा पाया तिथेच डळमळतो. वेळेचेही महत्त्व आहे. डिसेंबरात नागपुरात सहाच्या आतच सूर्य मावळतो. जूनमध्ये मुंबईत सात वाजून गेले तरी उजेड असतो. रात्रीच्या लुटीची वाढीव शिक्षा दिली असेल आणि फिर्यादीत ‘सायंकाळी साडेसहा वाजताचे सुमारास’ असेल, तर तारीख पाहावीच लागते.

यानंतर ओळख परेड. ती तुरुंगात होते आणि महाराष्ट्रात नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी ती घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत तिच्या बारीकसारीक सूचना आहेत. एका आरोपीबरोबर किमान सहा डमी हवेत, दोन आरोपी असतील तर दहा-बारा, आणि एका परेडीत सहसा दोनहून अधिक आरोपी नकोत. डमी दिसायला, वयाने, बांध्याने आरोपीशी मिळतेजुळते असावेत. पोलिसांनी त्या खोलीत थांबायचे नाही. आरोपीला रांगेतली जागा आणि कपडे बदलायची मुभा द्यायची. हे सगळे झाले की नाही, ते त्या टिपणातच दिसते. पंचविशीतल्या आरोपीशेजारी पन्नाशीचे डमी, पोलीस ठाण्यात आणताना चेहरा न झाकलेला आरोपी, परेडीआधी वर्तमानपत्रात छापून आलेला फोटो, अटकेनंतर दोन-तीन महिन्यांनी घेतलेली परेड: यातली एकच गोष्ट असली तरी अपिलात तिचे वजन पडते. मुळात परेड हा स्वतंत्र पुरावा नाहीच. खरा पुरावा म्हणजे कोर्टात शपथेवर केलेली ओळख, आणि परेड तिला आधार देते. पण घटनेनंतर चार वर्षांनी, आरोपीच्या पिंजऱ्यात पाचच माणसे उभी असताना केलेल्या ओळखीची किंमत परेडीशिवाय किती?

तिसरा कागद म्हणजे निवेदन पंचनामा. आरोपी पंचांसमोर सांगतो आणि पोलीस लिहून घेतात. समजा, त्यात लिहिले आहे: ‘ट्रकचालकाला मारहाण करून घेतलेला मोबाइल मी गोठ्याच्या कुडात लपवून ठेवला आहे, तो काढून देतो.’ यातले कोर्टात किती चालते? 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दिलेला निकाल आजही यावर प्रमाण मानला जातो: ज्या बोलण्यामुळे वस्तू सापडली, तेवढेच. म्हणजे मोबाइल कुडात आहे हे आरोपीला ठाऊक होते, इतकेच. ‘ट्रकचालकाला मारहाण करून घेतलेला’ हे शब्द पोलिसांसमोरची कबुली आहेत आणि ते गाळावे लागतात. खालच्या कोर्टाने पूर्ण वाक्य विचारात घेतले असेल, तर तो अपिलाचा ठळक मुद्दा. उरतो ताबा. लुटीनंतर लगेच माल सापडला, तर तो माणूस एक तर चोर किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा, असे गृहीत धरता येते. मोबाइलसारखी वस्तू आठवडाभरात तीन हातांतून फिरते. त्यामुळे अपिलात दरोड्याची शिक्षा रद्द होऊन चोरीचा माल बाळगल्याची छोटी शिक्षा उरते, असे नेहमी घडते.

या सगळ्याची सगळ्यात जड किंमत महाराष्ट्रातल्या ज्या खटल्यात दिसली, तो महामार्गावरचा नव्हता. नाशिकजवळच्या बेलतगव्हाण शिवारातला होता. 5 जून 2003 च्या रात्री दरोडेखोर एका शेतमजूर कुटुंबाच्या झोपडीत शिरले. पाच जणांचे खून झाले, घरातल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. वाचले दोघे, आई आणि एक मुलगा. गुन्हा अंगावर काटा आणणारा होता आणि त्याचा छडा लावण्याचा दबाव प्रचंड. सहा जणांना अटक झाली. सगळे भटक्या समाजातले, मोलमजुरी करणारे, अत्यंत गरीब. अशा समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा 1871 चा कायदा 1952 मध्ये गेला. पण गावाजवळ दरोडा पडला की पाल टाकून राहणाऱ्यांकडे आधी वळणारी नजर काही गेली नाही. या खटल्याकडे ती गोष्ट बाजूला ठेवून पाहता येत नाही.

2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेत बदलली. आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेले. शिक्षा वाढवावी म्हणून राज्य सरकारही गेले. स्वतःच्या अपिलात आरोपीची शिक्षा वाढत नसते, पण सरकारच्या अपिलात वाढू शकते. 30 एप्रिल 2009 रोजी तसेच झाले. आरोपींची अपिले फेटाळली गेली, सरकारचे मान्य झाले आणि सहाही जण पुन्हा फाशीच्या यादीत आले. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर काही वर्षांनी निष्पन्न झाले.

इथे गोष्ट संपली असती. सर्वोच्च न्यायालयानंतर उरतो पुनर्विलोकन अर्ज, आणि तो न्यायाधीश आपल्या दालनात, वकिलांचे म्हणणे न ऐकता निकाली काढत. 2014 मध्ये घटनापीठाने ठरवले की फाशीच्या प्रकरणांत हा अर्ज खुल्या कोर्टात, तीन न्यायाधीशांपुढे ऐकला पाहिजे. त्या दारातून हे प्रकरण पुन्हा आत आले. ऑक्टोबर 2018 मध्ये न्यायालयाने आपलाच 2009 चा निकाल मागे घेतला आणि अपिले पुन्हा ऐकायला घेतली.

आणि मग एक जुना कागद मध्यभागी आला. घटनेनंतर दोनच दिवसांनी, वाचलेल्या आईला पोलिसांनी आपल्या दप्तरातले गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिने चार जण ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. हा कागद तीन कोर्टांसमोरून गेला होता. 5 मार्च 2019 रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई देण्याचा राज्य सरकारला आदेश दिला आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना शोधून खात्यामार्फत कारवाई करायला सांगितले. तोवर सुमारे 16 वर्षे तुरुंगात गेली होती. पाच जणांच्या खुनाचा खरा आरोपी कोण, याचे उत्तर त्या आईला मिळाले नाही. चुकीच्या शिक्षेत फिर्यादीचेही नुकसान असते, आणि ते कोणत्याही आदेशात भरून निघत नाही.

ज्याच्याकडे वकील नाही, त्याचे काय? तुरुंगातला कैदी आपले अपील अधीक्षकांच्या हाती देऊ शकतो आणि अधीक्षकांनी ते कोर्टाकडे पाठवायचे असते. वकिलांच्या बोलीत हे ‘जेल अपील’. अनेकदा ते एका पानाचे, दुसऱ्या कैद्याकडून लिहून घेतलेले असते: मी निर्दोष आहे, मला वकील नाही, साहेबांनी न्याय द्यावा. त्यानंतर विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील नेमला जातो. निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळायला हवी, हे कायद्यातच आहे. तरी 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलेच एक प्रकरण आले. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत येरवडा तुरुंगाकडे पाठवली होती. कैदी म्हणत होता, ती मला मिळालीच नाही. आणि ती दिल्याची पोच तुरुंगाकडे नव्हती. चार वर्षांनी अपिलाचा अर्ज आला तेव्हा शिक्षा भोगूनही झाली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात बजावले की प्रत वेळेत द्या, कैद्याची लेखी पोच घ्या, आणि गरिबाला वकील सरकारने द्या.

अपील ऐकले जाईपर्यंत आत राहायचे की बाहेर, हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. 3 वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा देणारे कोर्टच अपिलासाठी त्याला काही काळ जामिनावर ठेवू शकते. त्यापुढे अपिलाच्या कोर्टात शिक्षा स्थगितीचा अर्ज करावा लागतो. 1977 मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी असा विचार मांडला की कोर्ट वाजवी वेळेत अपील ऐकू शकत नसेल, तर कैद्याला सहसा जामिनावर सोडले पाहिजे; नाहीतर पाच-सहा वर्षांनी तो निर्दोष ठरल्यावर त्याला काय सांगणार? सात वर्षांच्या शिक्षेचे अपील सात वर्षांनी बोर्डावर आले, तर त्या निकालाचा उपयोग कोणाला, हा प्रश्न आजही तितकाच जिव्हारी लागतो.

आदेश झाल्यावरही तुरुंगाचे दार लगेच उघडतेच असे नाही. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिलेले आग्रा तुरुंगातले 13 कैदी आदेशाची अधिकृत प्रत पोचली नाही म्हणून आणखी काही दिवस आतच राहिले. सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यातून ‘फास्टर’ ही आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने तुरुंगापर्यंत पोचवणारी व्यवस्था 31 मार्च 2022 रोजी सुरू झाली. तुरुंगात आदेश आला की दप्तर तपासले जाते: या माणसावर दुसरा खटला, दुसरे वॉरंट आहे का? शिवाय कायद्याप्रमाणे अपील निकाली निघण्याआधी त्याच्याकडून जामीनपत्र घेतले जाते. सरकार वरच्या कोर्टात गेले तर हजर राहीन, असे त्यात लिहिलेले असते आणि ते 6 महिने लागू राहते. त्यावर सही करायला अनेकदा जामीनदार आणायचा असतो, आणि ज्याची शेतीवाडी खटल्याच्या खर्चात गेली, त्याच्या बायकोला त्यासाठी पुन्हा गावभर विचारत फिरावे लागते.